गुडघ्याच्या वाटीचा कोपरा

नलिनी देवपुजारी नोकरी कुठे करते, असं तिच्या कुठल्याही नातेवाइकाला विचारा, भोपाळपासून नागपूरपर्यंत उत्तर एकच: मेडिकल कॉलेजच्या लायब्ररीत. आता हे अगदीच खोटं होतं असं नाही हं. कार्डावर नोंद करून वस्तू द्यायच्या, मुदत संपली की परत घ्यायच्या, हरवली तर मुलांवर खेकसायचं, हे सगळं ती करायचीच. फक्त त्या वस्तू पुस्तकं नव्हती, माणसांची हाडं होती.

झालं असं, की तिचा नवरा प्रभाकर भोपाळच्या सचिवालयात बाबू होता. रसिका सात महिन्यांची असताना कावीळ पोटात उतरली आणि तो गेला. मोठे दीर भालचंद्र, तेही सचिवालयातच. त्यांनी या टेबलावरून त्या टेबलावर खेटे घातले आणि नलिनीला अनुकंपा नियुक्ती मिळवून दिली. ऑर्डर हातात आली तेव्हा चष्मा पुसून पुसून त्यांनी ती तीनदा वाचली. शरीररचना विभाग, परिचर. म्हणजे नेमकं काय, याची चौकशी करून आले आणि घाम पुसत म्हणाले, "नलिनी, घरात मी लायब्ररी सांगितलंय. तूही तेच सांग."

त्यांचंही चुकलं असं कसं म्हणावं! घरात मीनाताई होत्या. मीनाताई म्हणजे भालचंद्रांची बायको, नलिनीची मोठी जाऊ, सोवळ्याओवळ्याला मोठी कडक बाई. भाद्रपदात त्यांच्याकडे महालक्ष्म्या बसायच्या आणि पुरण वाटायला नलिनीच लागायची, कारण तसं मऊसूत पुरण अख्ख्या तुलसी नगरात कुणाला जमत नव्हतं. मेलेल्यांच्या हाडांना हात लावून आलेल्या बाईला मीनाताईंनी पुरणाच्या पातेल्याजवळ फिरकू दिलं असतं होय? भाऊजींनी तो प्रश्न विचारलाच नाही, सरळ लायब्ररी उघडून दिली.

आणि लायब्ररी उघडली की वाचक येतोच. मीनाताईंना वाचायचं भारी वेड. "नलिनी, येताना चार मासिकं आण गं," असा निरोप दर पंधरवड्याला. नलिनी बिचारी न्यू मार्केटच्या रद्दीवाल्याकडून जुने दिवाळी अंक घ्यायची, आत चिठ्ठी चिकटवून परत करायची तारीख घालायची आणि पोचवायची. एक खोटं बोललं की त्याला असं आयुष्यभर दाणापाणी घालावं लागतं.

पहिल्या दिवशी ती डबा न उघडताच घरी आली होती. दुसऱ्या दिवशीही. तिसऱ्या दिवशी भूक लागली आणि तिनं कवट्यांकडे पाठ करून पोळीभाजी खाल्ली. माणूस कशालाही सरावतो, खोटं नाही. दोन वर्षांनी विभाग जुन्या इमारतीतून नव्या इमारतीत हलला आणि हमालांनी कमाल केली. डावी-उजवी, लांब-आखूड, हातापायांची सगळी हाडं चौदा पेट्यांत कोंबून आणून ठेवली. विभागप्रमुख अनंत सर पेट्यांकडे बघून म्हणाले, "नलिनीबाई, लावा जोड्या."

त्या जोड्या लावायला तिला दीड वर्ष लागलं. मांडीचं हाड घ्यायचं, त्याचा वरचा गोळा आत, खुब्याकडे वळलेला ठेवायचा, की डावं-उजवं कळलं. मग दुसऱ्या ढिगातून त्याचा जोडीदार हुडकायचा. लांबी जुळते का, वजन जुळतं का, स्नायूंनी धरून धरून उमटलेल्या खुणा जुळतात का. नडगीचं हाड सोपं, त्याची धार समोर. त्याच्या शेजारचं बारीक हाड मात्र महाद्वाड, भले भले डॉक्टर त्याच्यापुढे हात टेकतात. मनगटातली आठ तर हरवायलाच जन्माला आलेली. एक तर मटाराच्या दाण्याएवढं, किती वेळा झाडूखाली सापडलं असेल! गुडघ्याची वाटी तिला सगळ्यांत आवडायची. तिचं टोक समोर करून ती टेबलावर ठेवली की ज्या बाजूची असेल त्या बाजूला आपसूक कलते. पहिल्या वर्षाची मुलं धापा टाकत यायची, "आंटी, ये राइट है या लेफ्ट?" आणि आंटी मान वर न करता म्हणायची, "टेबल पे रखो, खुद बता देगी."

जोड्या लावताना तिला एक कळलं होतं. कुणाचीही दोन हाडं तंतोतंत सारखी नसतात, पण सख्ख्या बहिणींसारखी असतात. एकीच्या हनुवटीला खळी असेल तर दुसरीच्या हनुवटीकडेही एकदा बघावं.

असो. रसिकाचं सांगायचं होतं.

रसिका आता अठ्ठावीस वर्षांची. वनरक्षकाच्या भरतीसाठी ती तीन वर्षं घासत होती. दोनदा लेखी परीक्षेत थोडक्यात गेली, तिसऱ्या खेपेला पास झाली. उरली होती चालण्याची चाचणी: चार तासांत चौदा किलोमीटर. रोज पहाटे उठून शाहपुऱ्याच्या तळ्याभोवती फेऱ्या मारायची. चाचणीला बारा दिवस राहिले असताना दस नंबर मार्केटपाशी एक गाय रस्त्याच्या मधोमध येऊन उभी राहिली, रसिकानं करकचून ब्रेक दाबला आणि स्कूटीसकट उजव्या गुडघ्यावर आपटली. गाईला काही झालं नाही.

नलिनीला फोन आला तेव्हा ती मुलांकडून हाडांचे सेट परत घेत होती. तशीच रिक्षा करून ती त्या छोट्या खासगी हॉस्पिटलात पोचली, तर भाऊजी आणि मीनाताई तिच्याआधी हजर. हॉस्पिटल भाऊजींच्या ओळखीचं. मीनाताईंच्या हातात चहाचा थर्मास. रसिका प्लास्टरच्या खोलीत टेबलावर पाय पसरून बसलेली, गुडघा टम्म सुजलेला, डोळे रडून लाल.

"वाटी फ्रॅक्चर आहे," भाऊजी म्हणाले. "वरचा तुकडा सुटलाय. सहा आठवडे प्लास्टर. तेवढ्यानं नाही जुळलं तर तार घालावी लागेल. डॉक्टर अमेय फार हुशार आहेत, आपल्या इंदूरचेच."

"आई, खतम झालं सगळं," रसिका म्हणाली आणि पुन्हा रडायला लागली.

डॉक्टर अमेय कोवळा पोरगा होता, मनानं चांगला. त्यानं खरंच हळहळून सांगितलं, "काकू, नाइलाज आहे. असं चालवलं तर तुकडा आणखी सरकेल, कायमचा पाय धरेल." बादलीत पाणी तयार होतं, प्लास्टरवाला पट्ट्या उलगडत होता. नलिनीनं टेबलावरचा एक्स-रेचा फोटो उचलला. का उचलला, तिला विचाराल तर तीही सांगू शकणार नाही. हाड दिसलं की हात जायचाच, सवय! तिनं फोटो खिडकीच्या उजेडाला धरला.

वाटीचा वरचा कोपरा, बाहेरच्या बाजूचा, वेगळा दिसत होता. मध्ये एक काळी रेघ. आणि त्या रेघेच्या दोन्ही कडा गोल, गुळगुळीत होत्या.

हा कोपरा तिच्या ओळखीचा होता. कसा, तेही ऐका, कारण त्यात तिची फजिती आहे. पेट्यांतल्या जोड्या लावताना तिला सात-आठ वाट्या अशा सापडल्या होत्या की ज्यांचा नेमका हाच कोपरा गायब. तिला वाटलं, मेल्या पोरांनी पाडून फोडल्या आणि गुपचूप आणून ठेवल्या! आता आळ आपल्यावर येणार. मग या शहाण्या बाईनं काय करावं? खडूची पूड फेविकॉलमध्ये मळली, कोपरे भरून काढले, पॉलिश पेपरनं घासले, वरून चहाचं पाणी लावून रंगही जुळवला. असं सुबक काम, की कुणाला पत्ता लागू नये. परीक्षेला बाहेरून आलेल्या परीक्षकांनी त्यातलीच एक वाटी एका मुलीच्या हातात दिली आणि घामेजल्या बोटांत कोपरा विरघळला. ती पोरगी भोकाड पसरून रडली. अनंत सरांनी नलिनीला खोलीत बोलावलं, दार लावलं आणि आधी पोट धरून हसले. मग म्हणाले, "बाई, ह्या फुटलेल्या नव्हत्याच. काही माणसांची वाटी दोन तुकड्यांत घडते आणि दोन तुकड्यांतच राहते. जन्मभर पत्ता लागत नाही. मेल्यावर लहान तुकडा निसटतो आणि अशी खाच उरते. फुटलेल्याची कड धारदार असते, घडलेल्याची गोल. हात लावून बघा." आणि आठच्या आठ वाट्या त्यांनी तिच्याकडून धुऊन घेतल्या. त्या कडांवरून तेव्हा फिरवलेलं बोट ती विसरणं शक्यच नव्हतं.

"डॉक्टर," ती म्हणाली, "दुसऱ्या गुडघ्याचा फोटो काढाल?"

"अगं, दुसऱ्याला काही झालेलं नाही," भाऊजी म्हणाले.

"म्हणूनच काढा म्हणते."

"नलिनी, डॉक्टरांना शिकवू नकोस."

डॉक्टर अमेयनं तिच्याकडे जरा निरखून बघितलं. "काकू, तुम्ही मेडिकलमध्ये आहात का?"

"कॉलेजात आहे ती," मीनाताईंनी कौतुकानं सांगितलं. "मोठ्या लायब्ररीत."

भाऊजींनी नलिनीकडे असं पाहिलं की डोळ्यांनीच हात जोडले. गप्प बसण्याची हीच वेळ होती. लायब्ररीतल्या बाईचं ऐकून कोण दुसरा फोटो काढेल? ती काही न बोलता बाजूला झाली असती तर पट्टी भिजली असती, पाय सहा आठवडे बांधला गेला असता आणि पोरीची नोकरी गेली असती. भरती पुन्हा कधी निघेल, देव जाणे. प्लास्टरवाल्यानं पट्टी बादलीत सोडलीसुद्धा.

"मी लायब्ररीत नाहीये," नलिनी म्हणाली. आवाज तिला वाटला त्याहून मोठा निघाला. "मी शरीररचना विभागात आहे. सत्तावीस वर्षं माणसांची हाडं सांभाळते. हजारो वाट्या या हातांतून गेल्या आहेत. ही फुटलेली नाही डॉक्टर, ही अशीच घडलेली असेल. कडा बघा, गोल आहेत. फुटली असती तर टोकेरी असत्या."

मीनाताईंनी थर्मास खाली ठेवला.

डॉक्टर अमेयचा चेहरा आधी पडला, मग लाल झाला. पण पोरगा आडमुठा नव्हता, त्याचं भलं होवो. त्यानं फोटो घेतला, पुन्हा उजेडाला धरला, बराच वेळ धरला. मग रसिकाच्या गुडघ्याच्या त्या कोपऱ्यावर अंगठा दाबला. "दुखतंय?"

"नाही."

"इथे? खाली?"

"आई गं! हो, हो, तिथेच!"

"पाय सरळ ठेवून उचल बरं." रसिकानं दात-ओठ खात उचलला. उचलला तो उचलला, हवेत धरून ठेवला. डॉक्टरनं प्लास्टरवाल्याला हात केला. "रुको भैया." आणि रसिकाला दुसऱ्या गुडघ्याच्या फोटोसाठी नेलं.

ती दहा-पंधरा मिनिटं नलिनीनं कशी काढली ते तिचं तिला ठाऊक. कारण एक गोष्ट तिनं डॉक्टरला सांगितली नव्हती. तिच्या त्या आठ वाट्यांतल्या चारच वाट्यांना जोडीदार तसा मिळाला होता. बाकीच्या चारांच्या बहिणी अखंड होत्या. म्हणजे डावा गुडघा धड निघाला तर काहीच सिद्ध होणार नव्हतं. मग एका परिचर बाईच्या बडबडीवर कुणी पाय मोकळा सोडला नसता, आणि खरं सांगायचं तर तिनंही सोडू दिला नसता. "गजानना, तूच बघ रे बाबा," ती पुटपुटत होती. भाऊजी भिंतीकडे तोंड करून उभे होते. मीनाताई एकटक तिच्या हातांकडे बघत होत्या.

डॉक्टर अमेय फोटो घेऊन आला तो हसतच आला. दोन्ही फोटो त्यानं खिडकीच्या काचेवर शेजारी शेजारी धरले. डावी वाटी, उजवी वाटी. तोच कोपरा, तीच रेघ, त्याच गोल कडा.

"काकू," तो म्हणाला, "परीक्षेत मी यावर टीप लिहिली होती. पैकीच्या पैकी मार्क होते. आणि समोर आली तेव्हा ओळखता नाही आली!" त्यानं लगेच दोन्ही फोटो आपल्या सरांना पाठवले, फोनवर बोलला आणि येऊन सांगितलं: हाड शाबूत आहे, मुका मार आहे. आठवडाभर बर्फ आणि विश्रांती, मग हळूहळू चालायला सुरुवात, दुखलं तर थांबायचं.

नलिनी तिथल्या स्टुलावर बसली आणि हसायला लागली. हसता हसता तिला रडू कधी फुटलं कळलंच नाही. रसिकाही रडत होती, पण आता निराळं. सुटलो बाई, सुटलो, एवढंच नलिनीच्या मनात घुमत होतं. प्लास्टरवाला तेवढा भिजलेली पट्टी पिळत कुरकुरत राहिला.

मीनाताई मात्र रिक्षात थर्मास मांडीवर धरून बाहेरच बघत बसल्या. उतरताना एवढंच म्हणाल्या, "पोरीला आधी झोपव. तुझ्याशी मला नंतर बोलायचंय."

त्या तिसऱ्या दिवशी आल्या, नलिनीच्या साकेत नगरच्या दोन खोल्यांत, तणतणतच. नलिनीनं मनाची तयारी केली होती. आता विटाळ निघणार, पुरण निघणार, सत्तावीस वर्षांचं सगळं बाहेर पडणार. मीनाताई खुर्चीत टेकल्या आणि म्हणाल्या, "त्या मासिकांत तारखा कोण घालायचं?"

"मीच, मीनाताई."

"तू! अगं, तारीख चुकू नये म्हणून मी पोळ्या करपवल्यात, बाई! एकदा ताप अंगात असताना रात्र जागून अंक संपवलाय, तुला तिथे बोलणी बसू नयेत म्हणून! आणि लायब्ररीच नाही?"

नलिनीला हसू आवरेना. मीनाताईंनी आधी डोळे वटारले आणि मग त्याही हसल्या, पार ठसका लागेपर्यंत. पाणी पिऊन झाल्यावर त्यांनी नलिनीचा हात ओढून घेतला आणि आपल्या उजव्या खांद्यावर ठेवला. "हा वर उचलत नाही दिवाळीपासून. बघ काय आहे ते. आणि महालक्ष्म्यांना पुरण तूच वाटायचंस, मला आता जमणार नाहीये. हात धुऊन ये म्हणजे झालं."

नलिनीनं खांदा चाचपला आणि डॉक्टरकडेच जायला सांगितलं. एवढी अक्कल तिला होती.

इतकं सगळं सुरळीत झालं, तरी तिला झोप लागत नव्हती. डॉक्टरनं सांगितलं होतं, त्याच्या सरांनी सांगितलं होतं, सगळं खरं. पण तोंड आधी तिनं उघडलं होतं. मेलेल्यांच्या वाट्या ती ओळखायची, पण त्या कधी दुखत नव्हत्या. ही तर पोटची पोर! आठवड्यानंतर रसिका चालायला लागली, आधी गल्लीतून, मग तळ्यापर्यंत. ती परत आली की नलिनी तिच्या चेहऱ्याकडे न बघता आधी पायांकडे बघायची. "आई, टेन्शन नको ना घेऊ यार," रसिका म्हणायची. "मस्त आहे गुडघा."

चाचणी केरवा धरणाकडच्या रस्त्यावर होती. भाऊजी आणि नलिनी सकाळीच जाऊन शेवटच्या खांबापाशी उभे राहिले. भाऊजींनी हौसेनं रसिकाला नवे बूट आणून दिले होते आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला ते सांगत होते. अडीच तासांनी पहिल्या मुली आल्या. तीन तास झाले, मग सव्वातीन. पोरी येत होत्या, कुणी हसत, कुणी येऊन धपकन बसत. रसिका नव्हती. नलिनीनं एका मुलीला थांबवून विचारलं.

"रसिका दीदी? पीछे हैं आंटी. लंगड़ा रही थीं."

आपण मारलं तिला, असं नलिनीला वाटलं. आपल्या शहाणपणानं पोरीचा जन्माचा पाय गेला. भाऊजी तोंडातल्या तोंडात काहीतरी म्हणत होते, ते तिला ऐकू येत नव्हतं. ती वळणाकडे डोळे लावून उभी राहिली. साडेतीन झाले. तीन तास चाळीस मिनिटं झाली.

आणि वळणावरून रसिका आली. लंगडत होती, पण भराभर येत होती, चेहरा घामानं निथळलेला, दातांनी ओठ घट्ट धरलेला. वेळ लिहिणाऱ्या माणसानं तिचा नंबर पुकारला, तीन तास त्रेचाळीस, पास. रसिका रस्त्याच्या कडेला खाली बसली आणि पहिलं काय केलं, तर उजवा बूट काढून फेकला.

"काका, हे तुमचे नवे बूट!" ती किंचाळली. "टाचेवर बघा केवढा फोड आलाय, पूरा छाला! सहाव्या किलोमीटरपासून असंच आलेय मी!"

"आणि गुडघा?" नलिनीनं विचारलं.

"कोणता गुडघा?" रसिका म्हणाली.

नलिनी धुळीत तिच्यासमोर गुडघे टेकून बसली. लेकीचे दोन्ही गुडघे तिनं दोन्ही हातांत धरले, वरच्या कोपऱ्यांवर अंगठे ठेवले, दाबून बघितले. आत सगळं जागच्या जागी होतं आणि कढत होतं, धडधडत होतं. आजवर तिच्या हातांत आलेलं कुठलंही हाड असं नव्हतं. तिला मोठ्यानं रडू आलं आणि तिनं ते येऊ दिलं. बसलेल्या पोरी, वेळ लिहिणारा, भाऊजी, सगळे बघायला लागले.

"आई, उठ ना," रसिका हळूच म्हणाली. "लोक बघतायत."

"बघू देत," नलिनी म्हणाली, आणि तिनं हात काढले नाहीत.